केझिया टारबॉक्सची हुसकावणी

पिन्हम टेकडीवर माणसं राहतात हे खालच्या बंदरातल्या लोकांना दोनदाच आठवायचं. एक, दाढ ठणकायला लागली की. आणि दुसरं, कुणाच्या पोटाचा भार गावावर पडेल अशी धास्ती वाटली की. एरवी वरच्या गावाचं नाव काढलं तरी ही मंडळी नाक मुरडायची. यांचे आजे-पणजे याच टेकडीवर जन्मले, इथल्याच दगडांत मका पेरून म्हातारे झाले, हे त्यांनी इतक्या सफाईने विसरून दाखवलं होतं की पाठ थोपटावी.

अमेरिकेची इंग्रजांशी लढाई संपली तेव्हा वरच्या गावातले निम्मे पुरुष लढाईत आणि समुद्रात गेले होते. उरलेल्यांनी मासळीच्या धंद्यापायी बंदर गाठलं. जाताना त्यांनी घरंही मोडून नेली. तुळया, दारं, खिडक्या, भट्टीच्या विटा, सगळं बैलगाडीत घालून खाली. मागे राहिले तळघरांचे खड्डे, त्यांच्या काठावर रानटी माजलेली फुलझाडं, आणि गाडीत घालून न्यावं एवढी ज्यांची किंमत नव्हती ती माणसं. पाच-सहा विधवा, एक भांडी जोडणारा, आणि केझिया टारबॉक्स.

केझियाच्या आजोबांनी या टेकडीवरचं पहिलं झाड पाडलं होतं. ती आता चोपन्न वर्षांची, उंच, पायात बापाचे बूट, तोंडात मातीची चिलीम, आणि जीभ अशी की समोरच्याने दोन पावलं मागेच उभं राहावं. पोटापाण्यासाठी ती एक गाय पाळायची, रानातून बोरं वेचायची, झुडपांच्या मेणाच्या मेणबत्त्या करायची, आणि दात काढायची. अख्ख्या बंदरात तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. दाढ एका हिसक्यात बाहेर, माणसाला ओरडायलाही सवड मिळायची नाही. बंदरातले लोक गाल धरून, इकडेतिकडे बघत, मागच्या वाटेने तिच्याकडे यायचे. दुखणं थांबलं की खाली जाऊन सांगायचे, बाई चेटकीण आहे.

चेटकिणीच्या या गोष्टीचं केझियाला हसू यायचं आणि संतापही यायचा. चेटूक येत असतं तर छप्पर गळू दिलं असतं का, असं ती विचारायची. टेकडीवरच्या दोघी-तिघी म्हाताऱ्या हीच भीती विकून जगत. बैलगाडी अडवायच्या, तुझा बैल मंतरून वाटेतच बसवते म्हणायच्या आणि चार मासे उपटायच्या. केझियाने ते एकदाही केलं नव्हतं. मूर्खांच्या मूर्खपणावर पोट भरायचं म्हणजे आपणही त्यांच्या पंगतीला बसायचं, असं तिचं मत होतं. या एका गोष्टीचा तिला भारी ताठा होता.

प्रार्थनाघराशी तिचं वाकडं होतं ते निराळ्या कारणाने. एकोणिसाव्या वर्षी तिला लग्नाआधी दिवस गेले. रीतीप्रमाणे तिने भर प्रार्थनेत सगळ्यांसमोर उभं राहून पापाची कबुली द्यायची होती. ती म्हणाली, देते की, पण पोराचा बाप पुढच्याच बाकावर बसलाय, तोही शेजारी उभा राहू दे. बाप पायाशी पडलेला हातमोजा शोधायला जो खाली वाकला तो वर आलाच नाही. केझिया उठून बाहेर पडली. पोर अकरा दिवस जगलं. बाप्तिस्मा झाला नाही म्हणून धर्ममंडळींनी त्याला दफनभूमीच्या भिंतीआत जागा दिली नाही. तिने ते घरामागच्या सफरचंदाखाली पुरलं आणि ठरवलं की प्रार्थनेला म्हणून त्या दारात पुन्हा पाय टाकायचा नाही. पस्तीस वर्षं तिने तो टाकला नव्हता.

प्रायमस टेकडीवर आला त्याला आता नऊ वर्षं झाली होती. मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टाने गुलामगिरी मोडीत काढली त्या सुमारास, साठीला टेकलेला हा काळा माणूस खांद्यावर पहार टाकून उत्तरेकडच्या आपल्या जुन्या मालकाच्या गावाहून चालत निघाला. दगडी कुंपणं रचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. केझियाच्या घराचा एक भाग पडका होता. तो त्याने दुरुस्त केला आणि तिथेच राहिला. संध्याकाळी ती त्याला बायबलातलं एक पान वाचून दाखवायची, कारण त्याला अक्षर येत नव्हतं, आणि वाचता वाचता पानोपानी देवाशी भांडायची. तो मक्याची पेज ढवळत ऐकून घ्यायचा. बंदरात या दोघांवर काय काय बोललं जाई ते इथे सांगण्यात अर्थ नाही. बोलणाऱ्यांचीच तोंडं घाणेरडी होती.

प्रायमस भाविक होता. थोडाथोडका नव्हे, चांगला पक्का. दर रविवारी तीन मैल उतरून प्रार्थनाघरात जायचा आणि वरच्या माडीत शेवटच्या बाकावर, जिथे काळ्यांनी बसायचं असा नेम होता, तिथे बसायचा. नऊ वर्षांत त्याचा एक रविवार चुकला नव्हता. केझिया त्याला म्हणायची, तुझा देव खाली बसलाय का वर, ते तरी विचार त्यांना.

अशात बॉस्टनहून नवा कायदा आला. अमुक तारखेच्या आत ज्या उपऱ्याला गाव सोडून जा अशी नोटीस मिळणार नाही, तो कायमचा त्या गावचा. मग तो लुळा पडो, आंधळा होवो, गावाने त्याला सांभाळायचं. झालं, बंदरातल्या पंचांच्या तोंडचं पाणी पळालं. उपऱ्यांची यादी करायचं काम डीकन ओबेडाया लफकिनने अंगावर घेतलं. हा डीकन म्हणजे प्रार्थनाघराचा कारभारी. गावात पहिला बाक त्याचा, पहिला शब्दही त्याचाच.

आता यादी करायची तर चार जुनी पुस्तकं चाळावीत, कोण कुठला ते विचारावं. पण डीकनने अकलेचे वेगळेच तारे तोडले. त्याचं म्हणणं, आपली माणसं रविवारी दिसतात. जी दिसत नाहीत ती उपरी. म्हणून त्याने प्रार्थनेला न येणाऱ्यांची नावं उतरवून काढली आणि त्या प्रत्येकाच्या नावे नोटीस लिहवून घेतली. अकरा नोटिसा निघाल्या. त्यात केझियाचं नाव होतं, जिच्या आजोबाने हे गाव वसवलं. प्रायमसचं नव्हतं, कारण त्याचा एकही रविवार चुकलेला नव्हता.

नोटीस बजावायला आला कॉन्स्टेबल एलिफलेट. हा सहा फुटी गडी केझियाच्या घराच्या शंभर पावलांवर आला आणि त्याचे पायच चालेनात. शेवटी कागद कुंपणाच्या खांबावर दगडाखाली ठेवून तो असा पळाला की त्याची टोपी वाटेतच राहिली. केझियाने कागद वाचला. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या नावाने तिला पंधरा दिवसांत गाव सोडायला फर्मावलं होतं. ती इतकी हसली की चिलीम विझली. मग तिने त्या कागदाला खळ लावली आणि फुटक्या खिडकीच्या तावदानावर चिकटवून टाकला. वारा यायचा बंद झाला. सरकारचा तेवढा उपयोग झाला, ती म्हणाली.

दोन वर्षं कुणाला त्याची आठवण राहिली नाही, आणि कायद्याची मुदतही उलटून गेली.

मग जानेवारीत प्रायमस डीकनच्याच शेताचं कुंपण दुरुस्त करत असताना गोठलेल्या जमिनीवरून एक धोंडा सटकला आणि त्याच्या डाव्या पायावर आला. डीकनने त्याला गाडीत घालून टेकडीच्या पायथ्याशी सोडलं. वरपर्यंत नाही, पायथ्याशी. गाडीचं चाक बर्फात अडकेल म्हणाला. तिथून तो रांगत घरी आला. पाय काळा पडत गेला, आणि आठवड्याने केझियाने दात काढायच्या स्वच्छ हाताने त्याची तीन बोटं कापली. जीव वाचला, पण तो आता भिंत रचणार नव्हता, हे दोघांनाही कळलं.

बंदरालाही कळलं. डीकनने लगेच निरोप धाडला की प्रायमसला स्लेजवर, बर्फावरून ओढायच्या बिनचाकी गाडीवर, घालून त्याच्या जुन्या मालकाच्या गावी पोचवण्यात येईल. चाळीस मैल, भर थंडीत, आणि तिथे त्याचं म्हणावं असं कुणी नाही. केझियाने निरोप आणणाऱ्याला विचारलं की प्रायमसला नोटीस दिली होती का. गावाच्या नोंदींचं पुस्तक उघडलं गेलं. प्रायमसचं नाव कुठेच नव्हतं.

तेव्हा डीकन स्वतः टेकडी चढून आला. सोबत एलिफलेट होता, तो कुंपणाबाहेरच थांबला. डीकन आत आला, टोपी काढली, आणि खिडकीवरचा कागद बघून जरा अवघडला. मग त्याने साळसूदपणे बोलायला सुरुवात केली. लिहिणाऱ्याच्या हातून नावाची गफलत झाली असावी. टारबॉक्सांच्या मुलीला कोण उपरं म्हणेल? नोटीस मुळात प्रायमसलाच होती. केझियाने एवढंच सांगायचं, की एलिफलेटने ती प्रायमसच्या हातात दिली आणि तोंडी वाचून दाखवली. मग तिच्या नावावरचा डाग पुसला जाईल. गायरानात तिची गाय चरू शकेल, सामायिक रानातलं लाकूड तिला मिळेल. शिवाय, इथे त्याने आवाज उतरवला, सफरचंदाखाली जे आहे ते दफनभूमीत हलवायलाही कुणाची हरकत असणार नाही.

केझियाने चिलीम खाली ठेवली. प्रायमस कोपऱ्यात पडून ऐकत होता.

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर पुस्तकात लिहिलंय तेच खरं धरावं लागेल. तू उपरी, केझिया. गाय चरणार नाही, लाकूड मिळणार नाही, आणि मेल्यावर भिंतीच्या आत जागाही नाही."

"ओबेडाया, तुझी दाढ काढली तेव्हा तू माझ्या एप्रनला धरून रडला होतास," केझिया म्हणाली. "तेव्हा मी टारबॉक्सांची मुलगीच होते. माझं पोर आहे तिथे बरं आहे. तुमच्या शेजारी झोपवण्याइतका त्याचा काय गुन्हा?"

डीकन टोपी घालून निघाला. सफरचंदाची गोष्ट त्याने काढायला नको होती, ती केझियाच्या वर्मी लागली होती. त्या संध्याकाळी तिने बायबल वाचलं नाही, आणि प्रायमसनेही मागितलं नाही.

मार्चमध्ये वर्षाची गावसभा भरली. सभा प्रार्थनाघरातच भरते, पण सभा म्हणजे काही प्रार्थना नव्हे, असं स्वतःला बजावून केझिया निघाली. तावदानावरचा कागद तिने गरम पाण्याने सोडवून घेतला होता. प्रायमसला स्लेजवर बसवलं, पायाला मेंढीचं कातडं गुंडाळलं, आणि दोरी स्वतःच्या खांद्याला लावली. तिचा बेत पक्का होता. नोटीस आपली आहे हे चारचौघांत दाखवायचं, म्हणजे प्रायमस गावचा ठरतो. गावच्या निराधारांचा मग त्या सभेत उलटा लिलाव होतो. जो गावाकडून सगळ्यात कमी पैसे मागेल, त्याच्या घरी त्याला वर्षभर ठेवतात. तर आपण काहीच मागायचं नाही. फुकटाच्या खाली कोण जाणार?

पहिला भाग ठीक पार पडला. तिने कागद वाचून दाखवला, त्यावरचं आपलं नाव सगळ्यांना दाखवलं. सभाध्यक्षाने प्रायमसला विचारलं, तुला कधी नोटीस मिळाली होती का. तो नाही म्हणाला, आणि प्रायमस खोटं बोलत नाही हे तिथल्या प्रत्येक खोटारड्याला माहीत होतं. नाइलाजाने प्रायमस गावचा झाला.

मग लिलाव पुकारला. केझियाने लगेच सांगितलं की ती त्याला काही न घेता ठेवील.

डीकन उभा राहिला. त्याच्या आवाजात लोण्यासारखी माया होती. "सभेत फक्त गावच्या लोकांना बोलता येतं, केझिया. तू उपरी आहेस, हे तूच आत्ता कागद दाखवून सांगितलंस."

लोक हसले. अगदी मागच्या बाकापर्यंत हसू गेलं. एका कोळ्याने आठवड्याला चार शिलिंग मागितले. डीकनने दोन सांगितले. म्हाताऱ्याचा पाय गेला तरी हात शाबूत आहेत, गोठ्यात बसून मक्याचे दाणे सोलेल, जाळी विणेल. झोपायलाही गोठ्यातच, गुरांची ऊब असते. हे सगळं तो दयाबुद्धीने सांगत होता, आणि ऐकणारे माना डोलवत होते. बोटं कापलेला पाय गोठ्यातल्या शेणात किती दिवस टिकेल, हे केझियाला चांगलं माहीत होतं. एप्रिलसुद्धा उजाडणार नाही.

सभाध्यक्षाने दोन शिलिंगांवर पहिला पुकारा केला.

केझिया पुढे झाली. जे करायचं नाही म्हणून तिने जन्मभर मान ताठ ठेवली, तेच ती करायला निघाली होती, आणि त्याची लाज तिच्या कानापर्यंत चढली होती.

"घेऊन जा ना," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ओबेडाया, तुझ्या तीन दाढा माझ्याकडे आहेत. तुझ्या बायकोचा सुळा आहे. एलिफलेट, तुझे चार दात आहेत आणि तुझ्या आईचे सगळे. या घरात असा कोण आहे ज्याचं हाड माझ्या मडक्यात नाही? नावं लावून ठेवलीत मी. या म्हाताऱ्याला जो नेईल त्याचं मडकं मी चुलीवर चढवीन, आणि मग बघू कुणाचं लोणी धरतं आणि कुणाच्या जाळ्यात मासा येतो."

जी माणसं आत्ता हसत होती त्यांचे हात एकेक करून गालांवर गेले. देवावर विश्वास ठेवणारी, रविवारी दोन दोन तास प्रवचन ऐकणारी, नाकाने कांदे सोलणारी ही सगळी प्रतिष्ठित मंडळी, आणि एकाला असं म्हणता येईना की बाई, काय वाटेल ते काय बोलतेस. एलिफलेट दाराच्या दिशेने सरकत होता.

सभाध्यक्षाने दुसरा पुकारा केला तेव्हा डीकनला एकाएकी आठवलं की आपल्या गोठ्याचं छप्पर दुरुस्त व्हायचंय. बोली मागे घेतली. कोळ्याला विचारलं तर तो जमिनीकडे बघत राहिला. तिसऱ्या पुकाऱ्याला कुणीच बोललं नाही. शेवटी पुस्तकात लिहिलं गेलं, की प्रायमस आहे तिथेच राहील, आणि गाव त्याच्यापुरता मका आणि लाकूड टेकडीच्या पायथ्याशी पोचवील. अर्थातच पायथ्याशी.

परतीची वाट चढाची. केझियाने स्लेज ओढली. तिला वाटलं प्रायमस काहीतरी बोलेल, निदान हुश्श तरी म्हणेल. दीड मैलावरच्या पाइनच्या झाडांपाशी तिने श्वास घ्यायला दोरी खाली टाकली तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं.

"बाई, दात तुम्ही ठेवलेले नाहीत. मीच ते विहिरीमागच्या खड्ड्यात टाकत आलोय."

"माहीत आहे मला."

"देवाच्या घरात खोटं बोललात तुम्ही."

"त्यांच्या घरात बोलले," केझिया चिडून म्हणाली. "आणि खरं सांगितलं तेव्हा काय झालं ते तूच पाहिलंस. माझ्याच कागदाने माझं तोंड बांधलं त्यांनी. मग काय करायचं होतं मी, तुला त्या शेणात सडू द्यायचं होतं?"

तो कातड्याखालचा पाय दोन्ही हातांनी धरून बसला होता.

"रविवारी मला खाली न्याल का?" त्याने विचारलं. "माफी मागायची आहे."

"माझ्यासाठी मागायची काही गरज नाही."

"तुमच्यासाठी नाही, बाई. माझ्यासाठी. त्या सगळ्यांचे हात गालावर गेले ना, तेव्हा मला फार बरं वाटलं. आयुष्यात कधी एवढं बरं वाटलं नव्हतं."

केझियाला वाटलं हसावं. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते थंडीचं नव्हतं. तिने दोरी पुन्हा खांद्यावर घेतली आणि घर येईपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

रविवारी तिने स्लेज खाली ओढत नेली. दारापर्यंत पोचवून बाहेर थांबायचं, असं ती वाटभर ठरवत होती. पण माडीचा जिना उभा होता, प्रायमसला चढता येण्यासारखं नव्हतं. दारात बंदरातले सात-आठ बाप्ये उभे होते. त्यांनी मोठ्या अदबीने बाजूला होऊन वाट दिली, हात मात्र एकाने पुढे केला नाही. केझियाने त्या सगळ्यांकडे एकवार बघून घेतलं. मग ती खाली बसली, प्रायमसचे हात आपल्या गळ्याभोवती घेतले, त्याला पाठीवर उचललं, आणि सदतीस वर्षांनी प्रार्थनेसाठी त्या घरात शिरून जिना चढू लागली. शेवटच्या बाकावर तिने त्याला हलकेच उतरवलं आणि शेजारी बसली. खाली प्रवचन सुरू झालं. ती काही ते ऐकत नव्हती, पण उठून गेली नाही.